टपाली मत कोणाचे? लिफाफ्याचा इतिहास आणि ऊसतोड कामगार

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका ऐन गाळप हंगामात आल्या की चळवळीत एक मागणी पुढे येते. ऊसतोड कामगार, वीटभट्टी कामगार आणि स्थलांतरित मजूर गावाबाहेर असतात, म्हणून त्यांना टपालाने मत देऊ द्या. सैनिकाला मिळते, निवडणूक ड्युटीवरच्या शिक्षकाला मिळते, मग आमच्या माणसाला का नाही? मागणी करणाऱ्यांचा राग खरा आहे. आमचे म्हणणे असे की या मागणीचा अर्धा भाग बरोबर आहे आणि उरलेला अर्धा आपल्याच अंगावर येऊ शकतो. तो कोणता, हे समजून घ्यायचे तर टपाली मतदान आले कुठून आणि ते कोणासाठी आले, इथून सुरुवात करावी लागते.

ब्रिटनमध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज अशा विद्यापीठांना पार्लमेंटमध्ये स्वतःचे प्रतिनिधी होते आणि त्यांचे मतदार होते पदवीधर. १८६१ साली एक कायदा झाला आणि या पदवीधरांना विद्यापीठात न जाता मतपत्र भरून पाठवण्याची मुभा मिळाली. त्या काळी तिथल्या बहुसंख्य मजुरांना मताचाच अधिकार नव्हता. म्हणजे कामगाराला मत मिळण्याआधी पदवीधराला घरबसल्या मत मिळाले. पुढे १८७२ मध्ये गुप्त मतदानाचा कायदा आला. तोपर्यंत मतदाराला सर्वांसमोर तोंडाने उमेदवाराचे नाव सांगावे लागे. जमीनदार आणि कारखानदार ऐकत उभे असत आणि कूळ किंवा कामगार कोणाला मत देतो हे त्यांना कळत असे. गुप्त मतदानाने हा डाव मोडला. पण विद्यापीठांच्या मतदारसंघांना तो कायदा लागू केला नाही. त्याची त्यांना गरजच वाटली नाही. पदवीधराच्या मतावर डोळा ठेवून त्याची रोजीरोटी तोडणारा कोणी नव्हता.

आमच्या मते या एका गोष्टीत सगळे सार आहे. मतपत्रिका घरी किंवा कामाच्या जागी नेऊन भरण्याची सोय त्यालाच मानवते, ज्याच्या खोलीचे दार आतून लावता येते. ज्याच्या डोक्यावर मालक, सावकार किंवा गावचा पाटील बसलेला आहे, त्याला मतदान केंद्रावरचा तो पुठ्ठ्याचा आडोसा लागतो. तिथे तो एक मिनिटभर खरोखर एकटा असतो.

१९१८ मध्ये पहिल्या महायुद्धाच्या शेवटी ब्रिटनने सैनिकांना टपाली मत दिले. १९४८ च्या कायद्याने आजारी, अपंग आणि नोकरीच्या स्वरूपामुळे केंद्रावर जाऊ न शकणाऱ्या नागरिकांनाही ते मिळाले. त्याच कायद्याने विद्यापीठांचे वेगळे मतदारसंघ आणि पदवीधरांचे दुसरे मत रद्द झाले.

आता आपल्याकडे येऊ. १९१९ च्या जानेवारीत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक असलेले बाबासाहेब साउथबरो समितीपुढे साक्ष द्यायला उभे राहिले, तेव्हा मत हे मालमत्तेवर ठरत होते. अस्पृश्याकडे मालमत्ता नव्हती म्हणून तो मतदार नव्हता. मालमत्ता का नव्हती, हा प्रश्न कायदा विचारत नव्हता. प्रतिनिधित्वाचा हक्क आणि सरकारी पद धारण करण्याचा हक्क हे नागरिकत्वाचे दोन मुख्य घटक आहेत, अशी मांडणी बाबासाहेबांनी तिथे केली. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. १९३२ मध्ये ते लोथियन समितीचे, म्हणजे मताधिकार समितीचे सदस्य होते. प्रौढ मताधिकार आपल्याला कोणी भेट म्हणून दिला नाही. त्यामागे तीस वर्षांची ही भांडणे आहेत.

त्याच १९३२ सालची एक तारीख आपल्या तरुणांना कमी माहीत आहे. पुणे करार २४ सप्टेंबरला झाला. त्यानंतर बाराच दिवसांनी, ६ ऑक्टोबरला, मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बाबासाहेब बोलले. गावाच्या पंचायतीला अधिकार द्यायचे असतील तर अस्पृश्यांसाठी राखीव जागा हव्यात आणि नुसता प्रौढ मताधिकार त्यासाठी पुरेसा नाही, असे त्यांचे म्हणणे होते. जातीने चिरलेल्या गावात न्यायदानाचे अधिकार पंचायतीच्या हाती देणे धोक्याचे आहे, हेही त्यांनी बजावले. गावाबद्दल त्यांनी संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी काय म्हटले ते सगळ्यांना पाठ असते. पण त्याच्या सोळा वर्षे आधी ते स्थानिक निवडणुकीच्या तपशिलात शिरले होते. मतदार कोण, मत कसे द्यायचे, जागा कोणाच्या, हे प्रश्न कारकुनी म्हणून त्यांनी सोडून दिले नाहीत. आपणही सोडता कामा नयेत.

१९५० आणि १९५१ चे लोकप्रतिनिधित्व कायदे बाबासाहेब कायदामंत्री असतानाच झाले. त्यांत सैनिक, आपल्या राज्याबाहेर सेवेत असलेले सशस्त्र पोलीस आणि परदेशात नेमलेले केंद्र सरकारचे कर्मचारी यांना सेवा मतदार मानले आणि टपालाची वाट मोकळी केली. यावर कोणी म्हणेल की मग बाबासाहेबांच्याच कायद्यात भेदभाव होता. आम्हाला तसे वाटत नाही. सरकारने ज्याला हुकूम देऊन गावाबाहेर नेले, त्याच्या मताची व्यवस्था सरकारने करावी, हा साधा न्याय आहे. खरा प्रश्न पुढच्या सत्तर वर्षांचा आहे. या यादीत कोण वाढत गेले आणि कोण कधीच आले नाही?

यादी वाढली हे खरे. निवडणूक कामावरचे कर्मचारी आहेत. काश्मीर खोऱ्यातून विस्थापित झालेल्या मतदारांना टपाली मताची आणि जम्मू, उधमपूर, दिल्ली इथल्या खास मतदान केंद्रांची सोय मिळाली. २००३ मध्ये सैनिकांना प्रतिनिधीमार्फत मत देण्याचा पर्याय मिळाला. २०१६ मध्ये सैनिकांची मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवायला सुरुवात झाली. २२ ऑक्टोबर २०१९ च्या नियमबदलाने ८० वर्षांवरील ज्येष्ठ आणि अपंग मतदार यांना घरून मतदान मिळाले. कोविडच्या काळात ही मर्यादा ६५ वर आणली गेली, बिहारच्या निवडणुकीत आयोगाने ती लागू केली नाही, आणि २०२४ मध्ये ती ८५ वर नेली. सेवा मतदाराच्या बाबतीत पुरुष सैनिकाच्या पत्नीला हक्क होता, पण स्त्री सैनिकाच्या पतीला नव्हता. तो दोष काढायला २०२१ साल उजाडले.

या यादीत एक चमत्कारिक नोंद आहे. कायद्याच्या कलम ६२(५) नुसार तुरुंगात असलेल्या माणसाला मत देता येत नाही, मग तो शिक्षा झालेला असो की जामिनाचे पैसे नसल्याने खितपत पडलेला कच्चा कैदी असो. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ही तरतूद वैध ठरवली. पण प्रतिबंधक स्थानबद्धतेत असलेल्याला मात्र टपालाने मत देता येते. गुन्हा शाबीत न झालेला गरीब कच्चा कैदी या दोघांतून वगळला गेला. आपल्या वस्त्यांतली किती पोरे या रकान्यात बसतात, हे कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको.

आणि स्थलांतरित मजूर? तो सत्तर वर्षांत एकाही रकान्यात बसला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगाने दूरस्थ मतदान यंत्राची कल्पना मांडली. एका यंत्रावर ७२ मतदारसंघांची सोय होईल असे सांगितले, जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना बोलावले. बहुतेक विरोधी पक्षांनी शंका घेतल्या आणि विषय मागे पडला. शंका घेणे चूक नव्हते. पण शंका घेतल्यानंतर त्या मजुराच्या मताचे काय, हे विचारायला कोणी उरले नाही.

इथे एक कायदेशीर बारकावा पाहू, कारण गावातले लोक आपल्याला त्यावरच अडवतात. 'वर्षातले सहा महिने बाहेर राहतात, त्यांची नावे गावच्या यादीत कशाला?' असे बिनदिक्कत विचारले जाते. १९५० च्या कायद्याचे कलम २० स्पष्ट आहे. तात्पुरता बाहेर गेल्याने माणसाचे सर्वसाधारण वास्तव्य संपत नाही. ऊसतोडीला गेलेला माणूस आपल्या गावचाच मतदार राहतो. आणि महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार ग्रामपंचायतीची मतदार यादी वेगळी तयार होत नाही. विधानसभेचीच यादी प्रभागनिहाय वापरली जाते. निवडणूक घेणारी यंत्रणा मात्र वेगळी. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर ते काम राज्य निवडणूक आयोगाचे झाले, आणि नियमही राज्याचे. त्यामुळे लोकसभा-विधानसभेच्या नियमांत एखादी सोय आली म्हणून ती ग्रामपंचायतीला किंवा जिल्हा परिषदेला आपोआप लागू होत नाही. यादी तीच, मतदार तोच, पण हक्काची वाट निवडणुकीगणिक बदलते.

आता तारखा बघा. बीडसह मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदांचे मतदान २०१७ मध्ये १६ फेब्रुवारीला झाले. सुमारे १४ हजार ग्रामपंचायतींचे मतदान १५ जानेवारी २०२१ ला झाले. नगर परिषदांचे २ डिसेंबर २०२५ ला. दसरा-दिवाळीनंतर बीड, जालना, अहिल्यानगरच्या गावांतून टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. या तिन्ही तारखा ऐन हंगामातल्या. विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला आणि गाळप १५ नोव्हेंबरपासून, असा प्रसंग आला तेव्हा निदान वर्तमानपत्रांत चर्चा झाली. ग्रामपंचायतीला तेवढीही होत नाही. जणू काही गावातल्या निवडणुकीला गावातल्या मजुराची गरज नाही.

खरे तर गरज तिथेच सर्वांत जास्त आहे. लोकसभेला लाखो मतांत एका वस्तीची मते हरवतात. ग्रामपंचायतीच्या प्रभागात काहीशे मतदार असतात आणि निकाल पाच-दहा मतांवर लागतो. आता समजा प्रभागातली एक जागा अनुसूचित जातीसाठी राखीव आहे. बौद्ध आणि मातंग वस्तीतली निम्मी घरे कुलूपबंद आहेत, कोयते बाहेर आहेत. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे, म्हणून बायकांची मतेही गेली. मग राखीव जागेवर कोण निवडून येणार हे कोण ठरवणार? उरलेले गाव. जो दलित उमेदवार ग्रामसभेत तोंड उघडणार नाही, सांगेल तिथे अंगठा करील, तो निवडून येतो. राखीव जागा भरली जाते आणि प्रतिनिधित्व होत नाही. पुणे कराराने संयुक्त मतदारसंघ आल्यावर बाबासाहेब ज्या धोक्याबद्दल आयुष्यभर बोलत राहिले, तो हाच. पुणे करारावर आपण दरवर्षी २४ सप्टेंबरला व्याख्याने ठेवतो. पण तोच पेच गावातल्या मतदानाच्या तारखेत दडला आहे, हे बघायला आपण फारसे जात नाही.

कामगार मताला येतच नाहीत असे नाही. येतात. उमेदवार गाडी पाठवतो, टोळीच्या टोळी रात्रीतून गावी आणतो, मतदान झाले की परत सोडतो. दिवस बुडाला की मुकादमाकडे खाडा लागतो, म्हणजे उचलीतून पैसे वळते होतात. तो खाडाही उमेदवारच भरतो. मतदारांची अशी ने-आण करणे हा लोकप्रतिनिधित्व कायद्यात भ्रष्ट आचार आहे. गावात मात्र त्याला उपकार म्हणतात. भरपगारी सुटीचा नियम टनावर मजुरी घेणाऱ्याच्या काय कामाचा? त्याला गाडीत बसल्याशिवाय मत नाही, आणि गाडीत बसला की मत त्याचे राहत नाही.

म्हणून टपाली मताची मागणी पुढे येते, आणि म्हणूनच आम्ही म्हणतो की तिचा अर्धा भाग बरोबर आहे. राहिलेला अर्धा भाग बघायचा तर लिफाफा नेमका कसा चालतो हे पाहायला हवे. लोकसभा-विधानसभेच्या नियमांत मतदाराला मतपत्रिका, एक प्रतिज्ञापत्र आणि दोन लिफाफे मिळतात. खूण केलेली मतपत्रिका आतल्या लहान लिफाफ्यात जाते. प्रतिज्ञापत्रावर मतदाराने सही करायची आणि ती अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायची. लहान लिफाफा आणि प्रतिज्ञापत्र मोठ्या लिफाफ्यात घालायचे. मतमोजणी सुरू होण्याआधी ते निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोहोचले पाहिजे. मोजणीत आधी प्रतिज्ञापत्र तपासतात. त्यात त्रुटी निघाली तर आतला लिफाफा उघडतच नाहीत. मत बाद.

मत बाद होणे म्हणजे काय, हे आपल्या चळवळीने १९५२ मध्ये सोसले आहे. उत्तर मुंबईत बाबासाहेब सुमारे साडेचौदा हजार मतांनी पडले आणि त्या मतदारसंघात ७४ हजारांहून अधिक मते बाद झाली होती. बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी त्यावर निवडणूक याचिका केली होती. अगदी अलीकडे, २०२० मध्ये, बिहारच्या हिलसा मतदारसंघात निकाल १२ मतांनी लागला आणि बाद झालेल्या टपाली मतपत्रिका १८२ होत्या. त्या बहुतेक शिकलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या असणार. उसाच्या फडात राहणाऱ्या, अंगठा करणाऱ्या बाईचे प्रतिज्ञापत्र कोण साक्षांकित करून देणार?

निरक्षर मतदारासाठी नियमात सोय आहे, पण ती वाचून अंगावर काटा येतो. त्याने मतपत्रिका घेऊन अधिकाऱ्याकडे जायचे आणि आपले मत अधिकाऱ्याकडून नोंदवून घ्यायचे. म्हणजे मत दुसऱ्याच्या हाताने, दुसऱ्याच्या डोळ्यांदेखत. याच देशाने १९५१-५२ मध्ये निरक्षर मतदारासाठी प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी ठेवली होती, पेटीवर चिन्ह लावले होते आणि पडद्याआड एकट्याला सोडले होते. वाचता न येणाऱ्या कोट्यवधी माणसांनी कोणालाही न सांगता मत दिले. जगातले विद्वान हसत होते की निरक्षरांची लोकशाही कशी चालणार. ती चालली, कारण पडदा होता आणि चिन्ह होते. लिफाफ्यात चिन्ह राहते. पडदा जातो.

पडदा गेला की काय होते, याचे उदाहरण स्थानिक निवडणुकीतलेच आहे आणि तेही श्रीमंत, साक्षर देशातले. ब्रिटनने २००० च्या कायद्याने मागेल त्याला टपाली मत दिले, कारण विचारायचे नाही. २००४ च्या जूनमध्ये बर्मिंगहॅम महापालिकेची निवडणूक झाली. ॲस्टन आणि बॉर्डस्ली ग्रीन या दोन प्रभागांबद्दल तक्रारी गेल्या. दोन्ही कामगारवस्तीचे प्रभाग, मोठी लोकसंख्या पाकिस्तान, काश्मीर आणि बांगलादेशातून आलेल्या कुटुंबांची. न्यायाधीश रिचर्ड मॉरी यांनी एप्रिल २००५ मध्ये दोन्ही निवडणुका रद्द केल्या. दुसऱ्यांच्या नावाने केलेले अर्ज, वाटेत उचललेल्या मतपत्रिका आणि मध्यरात्री एका गोदामात पसरलेली टपाली मते, असे सगळे सुनावणीत बाहेर आले. त्यांनी व्यवस्थेवर अतिशय कडक शब्दांत ताशेरे मारले. पुढे २००६ मध्ये तिथे सही आणि जन्मतारीख जुळवण्याचा नियम आला. २०२२ च्या कायद्याने प्रचारकांनी दुसऱ्यांच्या टपाली मतपत्रिकांना हात लावण्यावर बंदी घातली, आणि २०२४ च्या स्थानिक निवडणुकांपासून एका माणसाने केंद्रावर आणून द्यायच्या इतरांच्या मतपत्रिकांवर पाचाची मर्यादा आली.

सही जुळवून खोटा मतदार पकडता येतो. खरा मतदार दबावाखाली मत देतो, तो सही जुळवून सापडत नाही. घरातला कर्ता पुरुष सगळ्यांच्या मतपत्रिका टेबलावर मांडून बसला तर बायकोची सही खरीच असते. ब्रिटनमधल्या दक्षिण आशियाई वस्त्यांत बिरादरीच्या पुढाऱ्यांबद्दल आणि घरातल्या बायकांच्या मतांबद्दल हीच चिंता वारंवार व्यक्त झाली. आपल्या भाषेत बिरादरीला भावकी म्हणतात. वेगळे काय?

आता ही मतपत्रिका कोपीत आणून बघा. टोळीत दहा-बारा कोयते, सगळ्यांची उचल मुकादमाकडे, कोपीला दार नाही. टपाल येणार कोणाच्या पत्त्यावर? कारखान्याच्या किंवा मुकादमाच्या. भरताना बाजूला कोण उभे राहणार? तोच. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये बाबासाहेबांनी भुकेच्या भीतीबद्दल लिहिले आहे. बेकारी आणि उपासमार समोर असलेला माणूस कोणत्याही अटीवर काम पत्करतो आणि आपले मूलभूत हक्क सोडून देतो, असे त्यांचे म्हणणे आहे. उचल घेतलेला मजूर हा त्या परिच्छेदातला माणूस आहे. त्याच्या आधी स्टार्ट समितीने, ज्यात बाबासाहेब सदस्य होते, १९३० च्या अहवालात गावच्या बहिष्काराबद्दल लिहिले होते. हक्क मागितला की रोजगार, वाट, दुकान बंद. ज्याच्याविरुद्ध मत द्यायचे त्याच्याच हातात आपली भाकरी असेल, तर मत झाकलेले असणे हेच संरक्षण.

आणखी एक गोष्ट फक्त लहान प्रभागात घडते, म्हणून विधानसभेच्या चर्चेत ती कधी येत नाही. टपाली मते वेगळी मोजतात. विधानसभेला ती शेकड्यांनी-हजारांनी असतात, कोणाचे कोणते ते कळत नाही. ग्रामपंचायतीच्या प्रभागात तीस टपाली मते आली आणि तीसही आपल्या वस्तीची असली, तर मोजणीच्या टेबलावर पाच मिनिटांत गावाला कळेल की वस्तीने कोणाला मत दिले. मग मार्चमध्ये टोळी परतल्यावर पाणवठ्यावर, रेशन दुकानात, रोजगार हमीच्या कामावर त्याचा हिशेब होतो. ज्या गावांत सरपंचपदाचा लिलाव होतो, तिथे हे होणार नाही असे कोण म्हणेल? २०२१ च्या जानेवारीत नाशिकच्या उमराणे आणि नंदुरबारच्या खोंडामळी इथल्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाला लिलावाच्या कारणाने रद्द कराव्या लागल्या होत्या.

मोबाईलवरून मतदान हा त्यावरचा उपाय म्हणून सध्या गाजतो आहे. बिहारमध्ये २८ जून २०२५ च्या नगरपालिका निवडणुकांत ॲपवरून मत देण्याची सोय दिली गेली. लिफाफ्याबद्दलचा प्रत्येक आक्षेप फोनलाही लागू आहे, आणि फोन तर बहुतेकदा घरात एकच असतो, नवऱ्याच्या खिशात.

मग मागायचे काय? आमच्या मते, मतदान केंद्र मजुराकडे आले पाहिजे, पडद्यासकट. हे अशक्य आहे असे सांगणाऱ्यांना दोन उदाहरणे दाखवावीत. काश्मिरी विस्थापितांसाठी शेकडो किलोमीटर दूर दिल्लीत मतदान केंद्र उघडता येते. आणि दुसरे थेट स्थानिक निवडणुकीतले. डिसेंबर २०२० मध्ये केरळने पंचायत आणि नगरपालिकांच्या निवडणुका घेतल्या. कोविडचे रुग्ण आणि विलगीकरणातले लोक केंद्रावर येऊ शकत नव्हते. राज्याने कायद्यात बदल केला, आरोग्य खात्याकडून रोजच्या रोज याद्या घेतल्या आणि खास मतदान अधिकारी मतपत्रिका घेऊन दारात गेले. ही सगळी तजवीज काही आठवड्यांत झाली. आजाऱ्याची यादी रोज मिळू शकते, तर ऊसतोड कामगाराची हंगामात एकदा का मिळू नये? कारखान्याचा मुकादमाशी करार असतो, टोळीची नोंद असते, राज्याने ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ काढले आहे. माहिती आहे, ती निवडणुकीसाठी कोणी मागत नाही एवढेच.

केंद्र कारखान्याच्या आवारात मात्र नको. अनेक कारखान्यांचे अध्यक्ष कोणत्या ना कोणत्या पक्षाचे पुढारी असतात. तहसील कार्यालय, जिल्हा परिषदेची शाळा, काहीही चालेल. महसुली कर्मचारी, आडोसा, सर्व उमेदवारांचे प्रतिनिधी, मतदानाच्या दोन दिवस आधीची ठरलेली वेळ. २०१९ नंतर वृद्धांच्या घरी जे पथक जाते, तेच साधारण असे काम करते. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या गटांची संख्या आवाक्यातली आहे, तिथून सुरुवात होऊ शकते. आणि ही मते वेगळी मोजायची नाहीत. गटातल्या बाकीच्या मतांत मिसळूनच मोजायची, असा नियम आधी लिहून घ्यावा लागेल.

ग्रामपंचायतीचे गणित अवघड आहे हे मान्य करू. हजारो गावे, प्रत्येक प्रभागाची वेगळी मतपत्रिका, उमेदवारी मागे घेण्यापासून मतदानापर्यंत जेमतेम दिवस. तिथे आमचा आग्रह तारखेवर आहे. स्थलांतराच्या तालुक्यांत नोव्हेंबर ते एप्रिल ग्रामपंचायतीचे मतदान नको. घटनेने पाच वर्षांची मुदत घातली आहे, तारीख पुढे नेता येत नाही, असे उत्तर मिळेल. मुदतीआधी घ्या. आणि मुदतीचे एवढे पावित्र्य असते तर २०२२ पासून राज्यातल्या महापालिका आणि जिल्हा परिषदा प्रशासकांच्या हाती राहिल्या नसत्या. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायचे आदेश देईपर्यंत कोणाला मुदत आठवत नव्हती. आरक्षणाच्या आणि प्रभागरचनेच्या वादासाठी तीन वर्षे थांबता येते, मजूर घरी येईपर्यंत तीन महिने नाही?

आपल्या शाखांनी यंदा एक काम हाती घ्यावे. दसऱ्याला टोळ्या निघण्याआधी प्रत्येक वस्तीत मतदार यादी घेऊन बसावे आणि बाहेर जाणाऱ्या मतदारांच्या नावांपुढे खूण करावी. कोणत्या प्रभागातले, किती बायका, किती पुरुष, कोणत्या तालुक्यातल्या कारखान्याला. ही यादी तहसीलदार आणि राज्य निवडणूक आयोग यांना निवेदनासोबत द्यावी आणि पोच घ्यावी. राखीव प्रभाग असेल तर गेल्या निवडणुकीतला मतांचा फरक आणि बाहेर असलेल्या मतदारांची संख्या एकाखाली एक लिहावी. न्यायालयात जायची वेळ आली तर हे दोन आकडे लागतील.